वाळवंटाच्या कडेचा समुद्र इतका भरलेला कसा?

आपल्याकडे पाऊस म्हणजे जीव, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मृग कोरडा गेला की बी-बियाणांच्या दुकानात शुकशुकाट होतो, आणि नाथसागर भरला की अर्ध्या मराठवाड्याचा जीव भांड्यात पडतो. वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे जिथे ओल तिथे जगणं, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला आहे.

तांबड्या समुद्राच्या काठावर हा हिशेब उलटा पडतो. इजिप्तमधल्या हुरघाडाला वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर पाऊस होतो. मागे उघडे डोंगर, पुढे वाळू. हिरवं झाड दिसलं तर ते बहुधा एखाद्या हॉटेलवाल्याने नळाच्या पाण्यावर जगवलेलं. पण त्याच काठावरून काही पावलं पाण्यात गेलं की खाली पृथ्वीवरच्या सर्वांत समृद्ध प्रवाळखडकांपैकी एक सुरू होतो. 300 च्या आसपास जातींची प्रवाळं, हजाराहून जास्त जातींचे मासे, आणि त्यांतल्या दहांतला एक तरी मासा असा की जो जगात दुसरीकडे फारसा सापडत नाही. स्कूबा डायव्हिंग करणारे, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारणारे लोक दुनियेच्या कानाकोपऱ्यातून तिथे जातात ते यासाठीच.

एवढं वाळवंट असूनही तिथे इतकं जीवन कसं, असं बहुतेक जण विचारतात. माझ्या मते प्रश्नातच गफलत आहे. तिथे इतकं जीवन आहे ते वाळवंटामुळेच. ते कसं, हे समजलं की स्कूबाच्या जागा, तिथले जीव आणि त्यांच्यापुढची संकटं हे सगळं एका धाग्यात दिसू लागतं.

आधी नद्यांपासून सुरुवात करू. आषाढ-श्रावणात पैठणला किंवा नांदेडच्या घाटावर गोदावरी पाहा. पाणी चहाच्या रंगाचं असतं, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. ती आपलीच काळी माती असते. वाटेत धरणांत काही गाळ बसतो, उरलेला थेट बंगालच्या उपसागरात जातो. गोदावरीच्या मुखाशी खारफुटीची जंगलं आहेत, कोळंबी आहे, पण प्रवाळखडक नाहीत. कारण प्रवाळाला दोन गोष्टी अजिबात चालत नाहीत, अंधार आणि अंगावर बसणारा गाळ. तांबडा समुद्र 2,000 किलोमीटरहून लांब आहे, आणि एवढ्या लांबीत त्याला येऊन मिळणारी एकही बारमाही नदी नाही. माती येत नाही, म्हणून पाणी निवळशंख राहतं. चांगल्या दिवशी वीस-तीस मीटर लांबचा मासा स्पष्ट दिसतो.

प्रवाळाला उजेड का लागतो? तो तर प्राणी आहे, झाड नाही. प्रवाळ म्हणजे पॉलिप नावाच्या इवल्या जिवांची वसाहत. एकेक पॉलिप बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान, तोंडाभोवती नाजूक स्पर्शिका असलेला. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःखाली कडक घर बांधतो. पिढ्यान्‌पिढ्या घरांवर घरं चढतात आणि खडक तयार होतो. पण बांधकामाला लागणारी ताकद त्याला स्वतःच्या शिकारीतून पुरत नाही. म्हणून पॉलिपच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतात, आणि त्यांचा व्यवहार आपल्याकडच्या बटईच्या शेतीसारखा चालतो. जागा पॉलिपची, खतही त्याचंच, म्हणजे त्याच्या शरीरातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ नायट्रोजन. कष्ट शैवालाचे. ऊन घेऊन ते साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देतात. प्रवाळाचे जे रंग आपण पाहतो, त्यांतले बरेचसे या बटईदारांचे असतात. पाणी प्रमाणाबाहेर तापलं की हा व्यवहार मोडतो, पॉलिप शैवालाला बाहेर काढतो, आणि खाली उरतो तो पांढरा चुना. प्रवाळ पांढरे पडले अशी बातमी येते, तिचा अर्थ हा. ते लगेच मेलेले नसतात, उपाशी असतात. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येतात. नाही झालं, तर खडक मरतो.

आता यातली खरी गंमत. नदी येत नाही म्हणजे नुसता गाळ येत नाही असं नाही, खतही येत नाही. तांबड्या समुद्राचं पाणी नायट्रोजन-फॉस्फरसच्या बाबतीत दरिद्री आहे. ज्या समुद्रात खत जास्त, तिथे मोकळ्या पाण्यात शैवाल माजतं, पाणी हिरवं-गढूळ होतं आणि तळापर्यंत ऊन पोचत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी हिरवं पडतं, त्याचं कारणही असंच. दरिद्री पाण्यात टिकतो तोच, जो मिळालेला कण वाया जाऊ देत नाही. प्रवाळखडक नेमकं हेच करतात. इथे एकाची घाण दुसऱ्याचं अन्न असतं, आणि तो दुसरा तिसऱ्याचं. आपल्या कापसाला जे खत तारतं, तेच प्रवाळाला मारतं, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्च 2024 मध्ये रुबीमार नावाचं मालवाहू जहाज हल्ल्यानंतर तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात बुडालं. त्यात वीस हजार टनांहून जास्त खत होतं. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला वाटेल, खतच तर आहे, विष थोडंच. पण जाणकारांना तेव्हा घोर लागला होता तो त्या खताचाच.

ऊन आणि मीठ हा पुढचा भाग. जायकवाडीतून उन्हाळ्यात वाफ होऊन किती पाणी उडालं, याचे आकडे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. तांबड्या समुद्रावरून वर्षाला सुमारे 2 मीटर उंचीचं पाणी उडून जातं. भरपाई पावसाने नाही, नदीने नाही. दक्षिणेला बाब-एल-मंदेब नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिथून हिंदी महासागराचं पाणी आत येतं आणि तूट भरते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. त्यामुळे सर्वसाधारण समुद्रात लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असतं, तर तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला ते 40 च्या पुढे जातं. स्कूबावाल्यांना हे पहिल्याच बुडीत कळतं. खारं पाणी माणसाला वर ढकलतं, म्हणून कमरेला नेहमीपेक्षा जास्त शिसं बांधावं लागतं.

त्या सामुद्रधुनीच्या आतल्या बाजूला समुद्रतळ उंचावलेला आहे, तिथे खोली जेमतेम 137 मीटर भरते. बाहेरच्या महासागरातलं खोलवरचं गार पाणी हा उंचवटा ओलांडून आत येऊ शकत नाही. परिणाम असा की इतर महासागरांच्या तळाशी पाणी 2 ते 4 अंशांचं असतं, आणि तांबड्या समुद्राच्या अगदी तळाशीही 21 अंशांच्या वर.

शास्त्रज्ञांचा एक कयास असा आहे की या दारानेच इथल्या प्रवाळांची निवड केली. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली होती. दार जवळपास बंद झालं, आतलं पाणी इतकं खारट झालं की बहुतेक प्रवाळ टिकले नाहीत. पुढे पाणी चढलं तेव्हा नवी प्रवाळं दक्षिणेकडून आत शिरली. दक्षिणेचा भाग सर्वांत तापलेला, त्यामुळे उष्णता सोसणारी तेवढीच पुढे सरकली आणि उत्तरेला, तुलनेने थंड अशा अकाबाच्या आखातात जाऊन स्थिरावली. तिथल्या प्रवाळांना प्रयोगात नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा कित्येक अंश जास्त तापवलं तरी ती तग धरतात, असं दिसलं आहे. म्हणून जगभरचे प्रवाळखडक संपत आले तरी शेवटी उरणाऱ्यांत अकाबाचे असतील अशी आशा बाळगली जाते. ही आशा उष्णतेपुरतीच आहे. सांडपाणी आणि तेलगळती सोसायची ताकद त्या प्रवाळांत नाही.

आता जागांकडे येऊ. सगळ्या सांगत बसलो तर यादी होईल, म्हणून मोजक्याच घेतो.

सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाला रास मोहम्मद आहे, 1983 मध्ये जाहीर झालेलं इजिप्तचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. एका बाजूला सुएझचं उथळ आखात, दुसऱ्या बाजूला अकाबाचं आखात, 1,800 मीटरपर्यंत खोल. दोन्हींचे प्रवाह टोकाशी भेटतात, त्याबरोबर खाद्य येतं, आणि उभ्या कड्यालगत माशांचे थवेच्या थवे फिरत असतात. नारिंगी अँथियस मासे तर शेकड्यांनी. त्यांच्या थव्यात नर मोजके असतात आणि नर मेला की एक मादी नर होते. समुद्रफूल म्हणजे फुलासारखा दिसणारा, स्पर्शिकांचा प्राणी; त्यात राहणाऱ्या क्लाउनफिश माशाचं बरोबर उलटं. तिथे मादी घरातली सर्वांत मोठी, आणि ती गेली की तिचा जोडीदार नर स्वतः मादी होतो.

रास मोहम्मदच्या याच पाण्यात संशोधकांनी दोन शिकाऱ्यांची भागीदारी टिपली आणि 2006 साली तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो मला इतका आवडतो की थोडं थांबून सांगतो. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात, त्या कुळातला एक मोठा मासा दिवसा उघड्यावर शिकार करतो. झपाटा जबरदस्त, पण सावज खडकाच्या फटीत शिरलं की त्याचं काही चालत नाही. मोरे ईल हा लांबलचक, सापासारखा मासा फटीफटींतून सहज फिरतो, पण तो रात्रीचा शिकारी, दिवसा बिळात पडून असतो. हेकरू त्याच्या बिळाशी जातो, अगदी तोंडासमोर उभा राहतो आणि डोकं भराभर हलवतो. पुष्कळदा मोरे बाहेर येतो. मग दोघं शेजारी-शेजारी पोहत निघतात. हेकरू त्याला लपलेल्या सावजाच्या फटीपाशी नेतो आणि तिथे पुन्हा डोकं हलवून दाखवतो. मोरे आत शिरतो. सावज आत राहिलं तर मोरेच्या तोंडी जातं, बाहेर पळालं तर हेकरूच्या. वाटणी नाही, ज्याला सापडलं त्याने अख्खं गिळायचं. तरीही दोघांचा फायदा होतो, म्हणून हेकरू पुन्हा बोलवायला जातो. दोन वेगळ्या जातींचे मासे खुणांनी बोलून एकत्र शिकार करतात, हे त्याआधी कुणी असं मोजून दाखवलं नव्हतं.

जवळच शाब अली भागात थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज सुमारे 30 मीटरवर बसलेलं आहे. 6 ऑक्टोबर 1941 च्या रात्री जर्मन विमानांच्या बॉम्बने ते बुडालं, नऊ माणसं गेली. उत्तर आफ्रिकेत लढणाऱ्या फौजेसाठी निघालेला माल आजही आत आहे. मोटारसायकली ट्रकवर ओळीने उभ्या आहेत, रायफली आहेत, गमबुटांचे ढीग आहेत. लोखंडावर प्रवाळ चढलं आहे आणि मोटारसायकलींच्या मधून मासे फिरतात. जहाजाला हात लावू नये, वस्तू तर मुळीच उचलू नयेत. माणसं गेलेली जागा आहे ती.

दक्षिणेला मार्सा आलमकडे वेगळंच दृश्य आहे. अबू दब्बाबच्या खाडीत वाळूवर समुद्री गवत उगवतं, त्यावर हिरवी कासवं चरतात आणि कधीकधी ड्युगाँग दिसतो, म्हणजे समुद्री गाय. हा सस्तन प्राणी, दर काही मिनिटांनी श्वासाला वर येतो आणि गवत मुळासकट उपटून खातो. मागे वाळूत पट्टे उमटतात, त्यावरून तो चरून गेल्याचं कळतं. जवळच्या समदाई या चंद्रकोरीच्या आकाराच्या खडकात स्पिनर डॉल्फिन दिवसा विश्रांती घेतात, कारण त्यांची शिकार रात्रभर चालते. पर्यटकांनी त्यांची झोप उडवली, तेव्हा खडकाच्या आतला भाग माणसांसाठी बंद करावा लागला. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेला बेरेनिके नावाच्या प्राचीन बंदराचे अवशेष आहेत, आणि इथे मराठवाड्याचा संबंध थेट येतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत पैठण आणि तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, यांची नावं आहेत. पैठणचा अकीक, तेरचं कापड गाड्यांतून भडोचला जायचं आणि तिथून जहाजांनी या समुद्राकडे. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदुस्थानी मिरी, सागवान आणि अगदी अलीकडे बुद्धाची मूर्तीही सापडली. ज्या खडकांसाठी आज लोक पैसे मोजून जातात, त्याच खडकांच्या धास्तीने तेव्हाचे तांडेल अरबस्तानचा किनारा टाळत. त्याच किनाऱ्यावर जेद्दा आहे. हज-उमराहला जाऊन आलेले, नोकरीसाठी सौदीत राहिलेले लोक आपल्याकडे गावोगावी भेटतात. त्यांनी हा समुद्र पाहिलेला असतो, पण बहुतेकांनी वरून.

खाली जायचं तर शरीराचं काय होतं ते समजून घ्यावं लागतं. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला यातलं निम्मं ठाऊक असतं. तळ गाठून मूठभर गाळ वर आणायची पैज लावली की दहा-बारा फुटांवरच कान ठणकू लागतात. हवेचा दाब बाहेर जेवढा असतो, तेवढाच आणखी एक दाब दर 10 मीटर पाण्याला वाढतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की कानाच्या आत हवा जाते आणि ठणका थांबतो. सर्दी असेल तर ही हवा जात नाही. त्या दिवशी बुडी मारू नये.

पण विहीर आणि स्कूबा यांत एक जिवावरचा फरक आहे. आमची पट्टीची पोहणारी पोरं म्हणतात, श्वास धरायची सवय आहे, आम्हाला काय शिकायचं? विहिरीत तुम्ही छातीत हवा वरून भरून नेता. खाली ती आक्रसते, वर आलात की पुन्हा होती तेवढीच होते. स्कूबात तुम्ही खालीच, दाबाखालची हवा घेता. 10 मीटरवर छाती भरून श्वास धरला आणि तसेच वर आलात, तर ती हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीही धरायचा नाही. दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत जास्त विरघळतो. हळूहळू वर आलं तर श्वासावाटे निघून जातो, झटकन आलं तर शरीरातच बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून मिनिटाला 9-10 मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, आणि नंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही.

हवाही खोलीबरोबर लवकर संपते. 12 लिटरच्या टाकीत 200 बार दाबाने, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण 200 पट दाबाने, 2,400 लिटर हवा मावते. मिनिटाला 20 लिटर लागते असं धरलं तर वर ती दोन तास पुरेल, 20 मीटरवर मात्र तिप्पट वेगाने जाऊन 40 मिनिटांत संपेल. पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा 18 मीटर, आणि हौशी डायव्हरने 40 च्या खाली जाऊच नये. सिनाईतल्या दहाबजवळ ब्लू होल नावाचा समुद्रातला खोल खड्डा आहे, त्यात 50 मीटरच्या खाली खडकाची एक कमान आहे. पाणी इतकं स्वच्छ की ती जवळ वाटते, आणि एवढ्या खोलीवर नायट्रोजनने डोकं गुंगलेलं असतं. तिच्या मोहापायी अनेकांचे जीव गेले, त्यांच्या नावांच्या पाट्या किनाऱ्यावरच्या कड्याला लावलेल्या आहेत.

आपल्याला जवळचं म्हणजे मालवण-तारकर्ली. ऑक्टोबर ते मे तिथे स्कूबा चालतं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळही आहे. पण कर्ली आणि गड नद्यांची मुखं जवळ, पावसाळा धो-धो, त्यामुळे तांबड्या समुद्रासारखं पाणी तिथे मिळणार नाही. तीच आंग्रिया बँक बघा, म्हणजे समुद्रात बुडालेलं एक पठार, कोकण किनाऱ्यापासून सुमारे 100 किलोमीटर आत, नद्यांचा गाळ जिथे पोचत नाही. तिथे पाणी नितळ आहे आणि प्रवाळ भरघोस.

कोरडा किनारा आपल्या देशातही आहे, कच्छच्या आखाताचा. पण नुसतं कोरडं असून भागत नाही हे तिथे दिसतं. तांबड्या समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम, कच्छच्या आखातात ती जबरदस्त, आणि ती रोज तळाचा चिखल ढवळते. म्हणून तिथे प्रवाळाच्या जाती कमी, आणि आहेत त्या गाळ सोसणाऱ्या. तरी एक सोय अशी की ती पाहायला टाकी लागत नाही, पोहताही यावं लागत नाही. 1982 मध्ये जाहीर झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जामनगरजवळ नरारा आहे. हिवाळ्यात वनखात्याची परवानगी आणि ओहोटीची वेळ बघून गेलं तर घोट्या-गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत प्रवाळ, समुद्रफुलं, ऑक्टोपस, फुगणारा पफरफिश बघता येतो. जाड तळव्याचे बूट घाला, वाळूवरच पाय ठेवा, आणि पाणी चढायच्या आत परत फिरा.